स्वनविज्ञान शिकायचंय? आधी वाट ठरवा, मग विद्यापीठ

पदवी परीक्षांचे निकाल लागायला लागले की एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो : "फोनेटिक्सचा कोर्स कुठे करता येईल?" मराठी घेऊन बी.ए. झालेली मुलगी तो विचारते, इंग्रजी शिकवणारे शिक्षक विचारतात. बारावी विज्ञान झालेल्या मुलाचे आईवडील विचारतात आणि संगणकाला मराठी बोलायला शिकवू पाहणारा अभियंताही विचारतो. प्रश्न एकच असला तरी या चौघांना एकच उत्तर दिलं, तर त्यातल्या तिघांची फसगत होते.

अडचणीचं मूळ असं, की फोनेटिक्सची, म्हणजे स्वनविज्ञानाची, वेगळी पदवी आपल्याकडे सहसा मिळत नाही. हा विषय भाषाविज्ञान, साहित्य, वाचा-उपचार आणि संगणक अशा वेगवेगळ्या अभ्यासक्रमांच्या पोटात शिकवला जातो. त्यामुळे संकेतस्थळांवर 'फोनेटिक्स' हे नाव शोधणाऱ्यांच्या हाती एक तर काहीच लागत नाही, किंवा लहान मुलांच्या वाचनवर्गाची जाहिरात लागते. हा विषय पुढे कशासाठी वापरायचा आहे, ते आधी ठरवा. तेवढं ठरलं की विद्यापीठांची यादी आपोआप चार-पाच नावांवर येते.

हा विषय म्हणजे काय, आणि काय नाही

माणसाच्या तोंडून निघणारे भाषिक ध्वनी कसे तयार होतात, हवेतून कसे जातात आणि कानाला कसे कळतात, याचा अभ्यास म्हणजे स्वनविज्ञान. उच्चार, ध्वनिलहरी आणि श्रवण अशी त्याची तीन अंगं आहेत. एखाद्या भाषेत यातले कोणते ध्वनी अर्थ बदलतात आणि त्यांची व्यवस्था कशी असते, हे पाहतं ते स्वनिमविज्ञान. अभ्यासक्रमात हे दोन्ही बहुधा शेजारी-शेजारी असतात.

प्रवेश घेण्याआधी तीन गैरसमज दूर करा :

- फॉनिक्स वेगळं, फोनेटिक्स वेगळं. फॉनिक्स ही मुलांना अक्षर आणि उच्चार जोडून इंग्रजी वाचायला शिकवण्याची पद्धत आहे. तिच्या प्रमाणपत्रावर एम.ए.ला प्रवेश मिळत नाही.
- हा 'ॲक्सेंट' सुधारण्याचा वर्ग नाही. इथे कोणताही उच्चार शुद्ध किंवा अशुद्ध ठरवला जात नाही. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी या बोलींचे ध्वनी पुस्तकी मराठीइतकेच काळजीपूर्वक नोंदवले जातात.
- लिपी म्हणजे ध्वनी नव्हेत. देवनागरी बरीचशी उच्चारानुसारी आहे, म्हणून मराठी विद्यार्थी इथेच अडखळतो. 'जग' (दुनिया) आणि 'जग' (जगणे या क्रियापदाची आज्ञा) लिहिताना एकसारखे दिसतात, पण त्यांच्यातला 'ज' वेगळा आहे. 'जरा' म्हणजे म्हातारपण आणि 'जरा' म्हणजे थोडंसं, यांचंही तेच. उलट 'श' आणि 'ष' ही दोन अक्षरं आज बहुतेकांच्या बोलण्यात एकाच ध्वनीसाठी येतात.

चार वाटा : तुमची कोणती?

१. भाषाविज्ञान विभाग

ध्वनी हाच ज्यांच्या आवडीचा गाभा आहे आणि ज्यांना पुढे संशोधन, अध्यापन किंवा बोलींचा अभ्यास करायचा आहे, त्यांची ही वाट. एम.ए. भाषाविज्ञानाला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचे पदवीधर चालतात. वाणिज्य किंवा अभियांत्रिकीतून आलेलेही इथे चांगले रुळतात.

- डेक्कन कॉलेज, पुणे. १८२१मध्ये सुरू झालेली ही संस्था आज अभिमत विद्यापीठ आहे. भारतातल्या आधुनिक भाषाविज्ञानाची जडणघडण मोठ्या प्रमाणात इथे झाली. अशोक केळकर, रमेश धोंगडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी इथे काम केलं. मराठीच्या बोलींचं ध्वनिमुद्रणांसह सर्वेक्षणही इथल्या अभ्यासकांनी राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने केलं आहे.
- मुंबई विद्यापीठ, कलिना. इथे स्वतंत्र भाषाविज्ञान विभाग आहे. मुंबई, ठाणे, कोकणातल्या विद्यार्थ्यांना हा जवळचा पर्याय.
- महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय, वर्धा. भाषाविज्ञान आणि भाषा-तंत्रज्ञान एकत्र आणि हिंदी माध्यमातून शिकायचं असेल, तर विदर्भातल्या विद्यार्थ्यांनी या विद्यापीठाची चौकशी जरूर करावी.
- हैदराबाद. एकाच शहरात तीन पर्याय आहेत : इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ (इफ्लू), हैदराबाद विद्यापीठ आणि उस्मानिया. इफ्लूची सुरुवात १९५८मध्ये इंग्रजीची केंद्रीय संस्था म्हणून झाली. भारतीयांच्या इंग्रजी उच्चारांवरचं महत्त्वाचं काम तिथे झालं.
- दिल्ली. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि दिल्ली विद्यापीठ, दोन्हीकडे भाषाविज्ञानाची पदव्युत्तर सोय आहे.

केंद्रीय विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश मुख्यतः सीयूईटी-पीजी या सामाईक परीक्षेतून होतात. तिचे अर्ज पदवीचा निकाल लागण्याच्या कितीतरी आधी निघतात. निकालानंतर चौकशीला सुरुवात करणाऱ्यांचं वर्ष इथेच हुकतं.

२. मराठी, इंग्रजी किंवा संस्कृत विभाग

साहित्य हा मुख्य विषय ठेवून ध्वनींची पक्की ओळख करून घ्यायची असेल, शाळा-महाविद्यालयात शिकवायचं असेल, तर ही वाट पुरेशी आहे. एम.ए. मराठीला भाषाविज्ञानाची अभ्यासपत्रिका असते, त्यात स्वनविचार येतो. एम.ए. इंग्रजीला इंग्रजीचे ध्वनी, आघात आणि सुरावट शिकवतात. संस्कृतच्या विद्यार्थ्यांसमोर शिक्षा आणि प्रातिशाख्य हे ध्वनीचा विचार करणारे प्राचीन ग्रंथ असतात. मात्र यातल्या बहुतेक विभागांत ध्वनिप्रयोगशाळा नसते आणि विषय एखाद्या सत्रात आटोपतो. तुम्हाला तेवढंच हवंय का, ते स्वतःला प्रामाणिकपणे विचारा.

३. वाचा आणि श्रवण उपचार

तोतरेपणा, उशिरा बोलणारी मुलं, पक्षाघातानंतर गेलेली वाचा, ऐकण्याचे दोष अशा अडचणी असलेल्या माणसांसोबत काम करायचं असेल, तर एम.ए. भाषाविज्ञान करून ते करता येणार नाही. त्यासाठी बारावी विज्ञानानंतरची बी.एएसएलपी ही पदवी लागते. ती शेवटच्या वर्षाच्या इंटर्नशिपसह चार वर्षांची असते. मुंबईत वांद्र्याला १९८३मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था ही या क्षेत्रातली मोठी नावं आहेत. पुण्या-मुंबईत इतर महाविद्यालयंही आहेत. प्रवेश 'नीट'च्या गुणांवर होतो की संस्थेच्या स्वतंत्र परीक्षेवर, हे संस्थेगणिक वेगळं असतं. बारावीच्या वर्षातच ते पाहून ठेवा.

एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवा. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार परिषदेच्या नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय करणं गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रवेश घेण्याआधी त्या महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का, ते परिषदेच्याच यादीत तपासा. माहितीपत्रकावरचा शिक्का पुरेसा नाही.

४. वाक्-तंत्रज्ञान

बोललेलं लिहून देणारी आणि लिहिलेलं वाचून दाखवणारी यंत्रं बनवायची असतील, तर संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी हाताशी ठेवून त्यावर स्वनविज्ञानाची जोड द्या. हैदराबादची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था, काही आयआयटी आणि पुण्याचं सी-डॅक या क्षेत्रात काम करतात. भाषाविज्ञानाकडून येणाऱ्यांनी पायथन ही संगणकभाषा आणि संख्याशास्त्राची तोंडओळख करून घेतली, तर त्यांनाही इथे जागा आहे. मराठी ध्वनिमुद्रणांवर अचूक खुणा करू शकणारा माणूस या कामात लागतोच.

विभागाला विचारायचे सहा प्रश्न

विद्यापीठाचं नाव मोठं असणं वेगळं आणि तिथे स्वनविज्ञान नीट शिकवलं जाणं वेगळं. विभागप्रमुखांना ई-मेल करा, जमलं तर प्रत्यक्ष भेटा आणि विचारा :

1. स्वनविज्ञानाच्या किती स्वतंत्र अभ्यासपत्रिका आहेत? एकच असेल, तर पुढचा अभ्यास वैकल्पिक म्हणून तरी आहे का?
2. कान तयार करण्याचा, म्हणजे ऐकून लिप्यंतर करण्याचा सराव वर्गात घेतात का? त्याची परीक्षा होते का?
3. ध्वनिमुद्रणाची शांत खोली आणि चालू स्थितीतली यंत्रणा आहे का? विद्यार्थ्यांना ती वापरायला मिळते का?
4. स्वनविज्ञानात संशोधन केलेले पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का, की विषय तासिका तत्त्वावर चालतो?
5. शेवटच्या सत्रात लघुप्रबंध आहे का? मागच्या विद्यार्थ्यांनी ध्वनींवर काय काम केलं?
6. अध्यापनाचं आणि परीक्षेचं माध्यम कोणतं?

दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं उत्तर समाधानकारक असेल, तर इमारत जुनी आहे म्हणून मागे हटू नका. तिथे उत्तर गोलमोल मिळालं, तर इमारत कितीही चकचकीत असली तरी दुसरा पर्याय पाहा.

माध्यमाबद्दल थोडं अधिक. भाषाविज्ञानाचं शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून होतं. इंग्रजीतून शिकवलं जात असलं तरी स्थानिक भाषेत उत्तरं लिहू द्यावीत, अशी विनंती विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२३मध्ये विद्यापीठांना केली आहे. ही विनंती आहे, बंधन नाही. म्हणून तुमच्या विभागात ती सवलत आहे का, ते प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

वर्गात प्रत्यक्ष काय करावं लागतं

हा विषय पाठांतराने येत नाही. पहिले काही आठवडे तोंड आणि कान यांवरच मेहनत असते. प्राध्यापक निरर्थक शब्द उच्चारतात आणि तुम्ही ते आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत उतरवता. शब्दाला अर्थ नसल्यामुळे अंदाजाने लिहिता येत नाही, जे ऐकलं तेच लिहावं लागतं. ही लिपी १८८६मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय स्वनविज्ञान संघटनेची. तिचा तक्ता विनामूल्य मिळतो आणि तो तुमच्या टेबलासमोर कायमचा चिकटलेला असला पाहिजे.

त्यानंतर येतं 'प्राट' हे सॉफ्टवेअर. ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोएर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते तयार केलं. तेही विनामूल्य आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात काय दिसतं, याचं एक उदाहरण पाहा.

मराठीतले चार शब्द घ्या : ताट, थाट, दाट, धाट (ज्वारीचं). फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. हे चार शब्द मुद्रित करून प्राटमध्ये उघडले, की वर ध्वनिलहर आणि खाली वर्णपट दिसतो.

- ताट : आधी शांतता, मग जीभ दातांपासून सुटल्याची बारीक उभी रेघ आणि जवळजवळ लगेच स्वराची कंपनं सुरू.
- थाट : तीच उभी रेघ, पण तिच्यानंतर श्वासाचा खरखरीत पट्टा आणि मग स्वर. हा मधला वेळ मिलिसेकंदांत मोजता येतो.
- दाट : जीभ सुटण्याच्या आधीच तळाशी कंपनांची पट्टी दिसते. स्वरतंतू तोपर्यंत हलायला लागलेले असतात.
- धाट : आधी कंपनं आहेत आणि जीभ सुटल्यावर स्वराची सुरुवातही श्वासमिश्रित, सैल कंपनांची आहे.

लिस्कर आणि अब्रामसन या अमेरिकी संशोधकांनी १९६४मध्ये हाच मधला वेळ अकरा भाषांत मोजला. त्या अकरांत मराठी होती. या एका मापाने त, थ आणि द वेगळे काढता येतात. पण द आणि ध दोन्हींत कंपनं आधीच सुरू होत असल्याने ते त्याने वेगळे होत नाहीत. मराठी आणि हिंदीने त्या मापाची मर्यादा दाखवून दिली. तुमच्या घरात रोज बोलले जाणारे ध्वनी जागतिक संशोधनात का महत्त्वाचे ठरतात, ते यावरून ध्यानात येईल. म्ह, न्ह, ल्ह, व्ह यांसारखे श्वासमिश्रित ध्वनी, ळ, आणि च-ज-झचे दुहेरी उच्चार यांवरही मोजमापाचं काम करायला भरपूर वाव आहे.

गणिताची भीती बाळगू नका. वारंवारता, कालावधी, डेसिबल आणि सरासरी एवढ्या कल्पना पक्क्या असल्या की पहिलं वर्ष निभतं. प्रबंधाच्या वेळी थोडं संख्याशास्त्र शिकावं लागतं.

प्रवेशाआधी घरबसल्या करायची तयारी

1. तोंडाची ओळख करून घ्या. आरशासमोर प, त, ट, क म्हणा आणि हवा कुठे अडते ते पाहा. घशावर बोट ठेवून 'स' आणि मग इंग्रजी 'झू'मधला 'झ' लांबवा. दुसऱ्यात कंपन जाणवेल. तोंडासमोर तळवा धरून 'पान' आणि 'खाण' म्हणा. 'खाण'ला श्वासाचा झोत लागेल.
2. रोज थोडा वेळ लिप्यंतर करा. आपल्याच गावच्या माणसाच्या बोलण्यातली दोन वाक्यं घ्या आणि जसं ऐकू येतं तसं लिहा. शुद्धलेखन बाजूला ठेवा.
3. मराठी कान कुठे चुकतो ते ओळखा. इंग्रजीतला 'टी'चा उच्चार आपल्याला 'ट'च वाटतो, पण तो दंतमुळाशी होतो. 'व'सारखे दोन वेगळे इंग्रजी ध्वनीही बऱ्याच मराठी कानांना एकच वाटतात. अशा जोड्यांवर जास्त वेळ द्या.
4. मुद्रण नीट करायला शिका. पंखा बंद करा, मायक्रोफोन तोंडाच्या किंचित बाजूला धरा आणि 'वेव्ह' प्रकारची फाइल करा. व्हॉट्सॲपवरून आलेला आवाज दाबून लहान केलेला असतो. मोजमापाला तो वापरू नका.
5. मोजकं वाचा. मराठीत ना. गो. कालेलकरांचं 'ध्वनिविचार', इंग्रजीत पीटर लॅडिफोगेड यांचं 'अ कोर्स इन फोनेटिक्स' आणि मराठीच्या रचनेसाठी धोंगडे व काशी वाली यांचं 'मराठी' (२००९). लॅडिफोगेड यांचं पुस्तक प्रथम १९७५मध्ये आलं आणि नंतर सुधारत गेलं, त्यामुळे शक्यतो नवी आवृत्ती घ्या.
6. विनामूल्य पाठ ऐका. 'स्वयं' पोर्टलवर भाषाविज्ञानाचे अभ्यासक्रम येतात, ई-पीजी पाठशाळेवर या विषयाचे पाठ आहेत. दोन-तीन पाठांतच आपल्याला हे आवडतंय की नाही ते कळतं. ही चाचणी दोन वर्षांची फी भरण्याआधी झालेली बरी.

नेहमी होणाऱ्या चुका

- शहर पाहून विभाग निवडणं. वसतिगृह मिळतं म्हणून भलत्याच विभागात गेलेला विद्यार्थी दुसऱ्या सत्रात कंटाळतो.
- फक्त इंग्रजी ध्वनींचा अभ्यास करणं. नेट परीक्षा आणि संशोधन, दोन्हीकडे आपल्या भाषेचं बारीक निरीक्षण उपयोगी पडतं.
- "शंभर टक्के नोकरी" सांगणाऱ्या खासगी पदविका घेणं. विद्यापीठाची मान्यता, अभ्यासक्रम आणि शिकवणाऱ्याची पात्रता या तीन गोष्टी लेखी मागा. मिळाल्या नाहीत, तर पैसे देऊ नका.
- परवानगीशिवाय आवाज मुद्रित करणं. आजीचा असो की वीटभट्टीवरच्या मजुराचा, आवाज त्या माणसाचा आहे. मुद्रण कशासाठी, कुठे ठेवणार आणि कोण ऐकणार, हे त्याच्या भाषेत सांगा, संमती घ्या. त्याने नंतर नकार दिला तर मुद्रण काढून टाका.
- लघुप्रबंधाचा विषय फार मोठा घेणं. 'अहिराणीचे सर्व ध्वनी' हा विषय एका सत्रात पुरा होत नाही. 'एका गावातल्या अहिराणीत ळचं काय होतं' हा होतो.

फी, कागदपत्रं आणि तुमचे हक्क

प्रवेशाच्या धावपळीत विद्यार्थी बरंच काही मुकाट्याने सोसतात. पुढील गोष्टी माहीत असू द्या :

- मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत. यूजीसीच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार संस्थेने मूळ प्रमाणपत्रं पडताळून परत द्यायची असतात. स्वतःजवळ ठेवता येतात त्या फक्त साक्षांकित प्रती.
- प्रवेश रद्द केल्यास फी परत मिळते. याच अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला, तर प्रक्रिया-शुल्क वगळून पूर्ण फी मिळते. हे शुल्क फीच्या पाच टक्क्यांहून आणि पाच हजार रुपयांहून जास्त असू शकत नाही. जसजसा उशीर होईल, तशी रक्कम घटते. आयोग काही वर्षी याहून सवलतीची परिपत्रकं काढतो. त्या वर्षीचं परिपत्रक संकेतस्थळावरून उतरवून अर्जाला जोडा.
- तक्रारीसाठी ठरलेली वाट आहे. यूजीसीच्या २०२३च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. तिने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही, तर पंधरा दिवसांत लोकपालाकडे अपील करता येतं. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.
- दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार शासकीय आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत, वयातही पाच वर्षांची सूट आहे. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी ब्रेलमध्येही आहे, त्यामुळे अंध विद्यार्थ्यांनी या विषयापासून लांब राहण्याचं कारण नाही. लेखनिक, जादा वेळ आणि लिप्यंतराच्या परीक्षेची पर्यायी व्यवस्था यांची मागणी प्रवेशाच्या वेळीच लेखी करा.
- दोन अभ्यासक्रम एकाच वेळी. यूजीसीच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वेळा आड येत नसतील, तर दोन पदव्या एकाच वेळी करता येतात. किंवा एक प्रत्यक्ष आणि दुसरी ऑनलाइन वा दूरस्थ करता येते. आपल्या विद्यापीठाने ही तरतूद स्वीकारली आहे का, ते मात्र पाहा.
- शिष्यवृत्ती. महाराष्ट्रातल्या पात्र विद्यार्थ्यांनी महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज मुदतीत भरावा. पीएच.डी.साठी बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिराती पाहत राहाव्यात.

पुढे काय करता येतं

या विषयात नोकऱ्या आहेत, पण रांगेने ठेवलेल्या नाहीत. त्या कुठे आहेत ते समजून घ्या :

- अध्यापन आणि संशोधन. नेट परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे (संकेतांक ३१). परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. नेटचे गुण आता पीएच.डी.च्या प्रवेशासाठीही धरले जातात. दोन वर्षांच्या एम.ए.नंतर पीएच.डी.साठी ५५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट आहे.
- भाषासामग्रीचं काम. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था आणि वाक्-तंत्रज्ञानाचे प्रकल्प मुद्रणं तपासायला, त्यांवर खुणा करायला माणसं घेतात. ही कामं बहुतेकदा कंत्राटी असतात. सुरुवातीच्या अनुभवासाठी ती चांगली. कराराचा काळ आणि मोबदला लेखी घ्या.
- न्यायसहायक क्षेत्र. प्रयोगशाळांत ध्वनिफितींची सत्यता आणि आवाजाची ओळख तपासली जाते. या पदांना बहुधा विज्ञान शाखेची पदवी लागते. एम.ए.ला प्रवेश घेण्याआधी जुन्या जाहिराती वाचा, म्हणजे नंतर निराशा होणार नाही.
- भाषाशिक्षण आणि आवाजाचं माध्यम. परदेशी विद्यार्थ्यांना मराठी शिकवणं, शब्दकोशांत उच्चार नोंदवणं, नटांना बोली शिकवणं अशा कामांत हा अभ्यास तुम्हाला इतरांपेक्षा पुढे ठेवतो. उत्पन्न मात्र कामागणिक बदलतं.
- परदेशी शिक्षण. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन आणि एडिनबरा इथे या विषयाची जुनी परंपरा आहे. आधी भारतात एम.ए. आणि एखादं स्वतंत्र मोजमापाचं काम करून गेलात, तर अर्जाला वजन येतं. परतल्यावर पदवीच्या समकक्षतेसाठी यूजीसीचे २०२५चे विनियम लागू होतात.

निर्णय घेण्याआधी

चार ओळी कागदावर लिहा : मला कोणासोबत काम करायचं आहे, माझी आताची पदवी कोणती, दोन वर्षांचा खर्च कसा भागेल आणि पदवीनंतर पहिल्या वर्षी मी काय करीन. रुग्णांसोबत काम करायचं असेल तर तिसरी वाट, यंत्रांसोबत असेल तर चौथी, साहित्याच्या वर्गात रमायचं असेल तर दुसरी. यांपैकी काहीच नसेल आणि रस्त्यावर कोणी वेगळ्या धाटणीचं मराठी बोललं की तुमचे कान टवकारत असतील, तर भाषाविज्ञानाला अर्ज करा.

शेवटी पालकांना एक विनंती. "याला स्कोप काय?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, पण तो विचारण्याआधी मुलासोबत एकदा विभागात जा आणि एक तास वर्गात बसा. महाराष्ट्रातल्या बोलींचे ध्वनी मोजून, नोंदवून ठेवायचं काम अजून बरंच व्हायचं आहे आणि ज्यांच्याकडून ते मुद्रित करायचं ते बोलणारे म्हातारे होत चालले आहेत. ज्याला हे मनापासून करायचं आहे, त्याला यंदाच अर्ज भरू द्या.